आर्लमध्ये तीन रात्री : अनुभव, माहिती, चर्चा

निळीशाई

दक्षिण फ्रान्सच्या सहलींवर इथे बरेच धागे आहेत, पण त्यात आर्लच्या वाट्याला एखादी ओळच आलेली दिसते. अविन्योंहून सकाळी निघालो, रोमन आखाडा पाहिला, चित्रकार व्हॅन गॉगच्या चित्रातल्या पिवळ्या कॅफेसमोर फोटो काढला, संध्याकाळी परत. आमचंही असंच ठरलं होतं. ऐनवेळी अविन्योंतली खोली रद्द झाली आणि नाइलाजाने आर्लमध्ये तीन रात्री राहिलो. आता वाटतं, ती खोली रद्द झाली हे फार बरं झालं. जे दिसलं ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे जाणाऱ्यांनी तरी हे गाव दोन तासांत उरकू नये.

गाव लहान, पन्नास हजारांच्या आसपास वस्ती. जुना भाग या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला वीस मिनिटं पुरतात. पण नगरपालिकेची हद्द मात्र अख्ख्या युरोपीय फ्रान्समध्ये सर्वांत मोठी, कारण ऱ्होन नदीच्या मुखाकडची कामार्गची दलदल, भातखाचरं, मिठागरं यांचा बराच भाग आर्लमध्येच मोडतो. रोमन काळात याचं नाव आरेलाते. सीझर मासालियाशी, म्हणजे आजच्या मार्सेशी लढत होता तेव्हा या गावाने त्याला बारा युद्धनौका बांधून दिल्या. झाडं तोडल्यापासून तीस दिवसांत! मार्सेचा पाडाव झाला आणि आर्लचं नशीब उघडलं. इ.स.पू. ४६ मध्ये सहाव्या लीजनच्या (रोमन सैन्यदलाच्या) निवृत्त सैनिकांना इथे जमिनी देऊन वसवलं गेलं.

आखाडा साधारण इ.स. ९० चा. लंबगोल, लांबी १३६ मीटर, खाली साठ आणि वर साठ कमानी, वीसेक हजार माणसं बसतील एवढा. आकडे वाचून मी गेले होतेच. मला खिळवून ठेवलं ते पुढच्या गोष्टीने. रोमन साम्राज्य कोसळल्यावर लोकांनी या आखाड्यालाच तटबंदी केलं. कमानी बुजवल्या, चार बुरूज चढवले आणि आत राहायला गेले. दोनशेवर घरं, दोन छोटी देवळं, गल्ल्या, सगळं त्या लंबगोलाच्या पोटात. अशा पिढ्यान् पिढ्या गेल्या. १८२० च्या दशकात घरं हलवायला सुरुवात झाली आणि १८३० मध्ये रिकाम्या आखाड्यात पुन्हा बैल उतरले. चारांतले तीन बुरूज अजून उभे आहेत, त्यांतल्या एकावर चढता येतं. मी चढले तेव्हा मे महिना होता. कमानींतून पाकोळ्या सुसाट आत-बाहेर करत होत्या, खाली लाल कौलांची दाटी आणि पलीकडे नदीचं वळण. जिथे सिंह-माणसांच्या झुंजी झाल्या तिथे नंतर कुणीतरी चूल पेटवली, बाळंतपणं झाली, वाळवणं घातली गेली असतील, हे मनातून जाईना.

शेजारी रोमन नाट्यगृह आहे, ऑगस्टसच्या काळातलं. त्याच्या रंगमंचामागच्या भिंतीतले दोनच खांब पुरते उभे राहिलेत. गावातले लोक त्यांना "दोन विधवा" म्हणतात. बाकीचे दगड लोकांनी शतकानुशतकं घरांना नि चर्चला नेले. १६५१ मध्ये इथल्या मातीत व्हीनसचा संगमरवरी पुतळा सापडला, हात नसलेला. तो फ्रान्सच्या चौदाव्या लुईला भेट गेला, त्याच्या शिल्पकाराने एका हातात सफरचंद नि दुसऱ्यात आरशाची मूठ देऊन हात जोडले, आणि आज ती व्हीनस पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे. आर्लकडे प्रतिकृती.

तोच नियम व्हिन्सेंट व्हॅन गॉगचा. तो २० फेब्रुवारी १८८८ ला इथे उतरला, ८ मे १८८९ ला गेला. पंधरा महिनेही पुरते झाले नाहीत, आणि तेवढ्यात चित्रं नि रेखाटनं मिळून तीनशेच्या वर काम. त्यातलं एकही चित्र आज आर्लच्या मालकीचं नाही. हे ऐकून माझा नवरा म्हणाला, "मग आपण आलो कशाला?" तिसऱ्या दिवशी तोच मला पुन्हा इस्पितळाच्या बागेत घेऊन गेला. कान कापून घेतल्यावर व्हिन्सेंटला ज्या इस्पितळात ठेवलं होतं ते आता सांस्कृतिक केंद्र आहे, आणि त्याचं अंगण त्याच्या चित्रातल्यासारखं पुन्हा लावलंय: मधे गोल कारंजं, त्यातून किरणांसारखे फुटलेले वाफे, भोवती पिवळ्या कमानींचा सज्जा. आम्ही गेलो तेव्हा एक माळी गुडघ्यावर बसून आयरिसची सुकलेली फुलं एकेक करून खुडत होता. बाजूच्या फलकावर त्या चित्राची छपाई होती. तिच्यात तेच आयरिस, ताजे.

प्रश्न असतील तर विचारा. ज्यांनी हे गाव पाहिलंय त्यांनी भर घालावी.

सांजवारा

सुंदर लिहिलंय. आखाड्यात वस्ती होती हे माहीतच नव्हतं. पन्हाळ्यावर घरं नि शाळा बघितल्यात, पण एकाच इमारतीच्या पोटात अख्खं गाव, हे डोळ्यांसमोर आणणं कठीण.

दोन शंका. उच्चार आर्ल की आर्ल्स? आणि एकही चित्र नसताना त्याचं गाव "बघायचं" म्हणजे नेमकं काय बघायचं?

निळीशाई

आर्ल. शेवटचा स उच्चारत नाहीत.

नावावरून आठवलं. व्हिन्सेंट चित्रांवर फक्त "व्हिन्सेंट" अशी सही का करायचा? आर्लहूनच त्याने भावाला लिहिलं होतं की प्रदर्शनाच्या यादीत माझं नाव कॅनव्हासवर आहे तसंच छापा, कारण आडनाव इथे कुणाला उच्चारता येत नाही. आपल्याकडे त्या आडनावाचे तीन-चार उच्चार चालतात, तेव्हा त्याचं म्हणणं पटतं.

काय बघायचं, तर तो जिथे उभा राहिला त्या जागा. गावात ठिकठिकाणी फलक आहेत, त्यावर त्या जागेचं चित्र. स्टेशनातून बाहेर पडून पाच मिनिटं चाललं की लामार्तीन चौक. इथे व्हिन्सेंट राहायचा ते पिवळं घर होतं. २५ जून १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात ते उद्ध्वस्त झालं, पण चित्रात त्याच्या मागे दिसणारी उंच इमारत अजून आहे. आधी मला रिकामी जागा बघून वाईट वाटलं, मग ती मागची इमारत ओळखली आणि सगळं चित्र जागच्या जागी बसलं. तिथून नदीचा धक्का दोन मिनिटांवर. ऱ्होनवरची तारांकित रात्र त्याने तिथेच रंगवली. रात्री जेवून आम्ही तिथे जाऊन बसायचो. मूळ चित्र पॅरिसला ऑर्से संग्रहालयात असतं. २०२४ च्या उन्हाळ्यात मात्र ते इथल्या व्हॅन गॉग फाउंडेशनच्या प्रदर्शनासाठी आलं होतं, रंगवल्यानंतर १३६ वर्षांनी पहिल्यांदा. फाउंडेशन २०१४ पासून खुलं आहे, व्हिन्सेंटची काही चित्रं उसनी आणून लावतात आणि सोबत आजच्या चित्रकारांची. जाण्याआधी काय लावलंय ते बघून घ्या.

घाटमाथ्यावरून

ल्योंमध्ये बरीच वर्षं राहतोय, आर्लला पाच-सहा वेळा जाणं झालं. थोडी व्यवहाराची माहिती.

पॅरिसहून थेट गाड्या मोजक्या. जलदगाडीने अविन्यों गाठून पुढे लोकलने जाणं सोपं. अविन्यों मध्यवर्ती स्थानकातून आर्ल वीस मिनिटं. मार्सेहून साधारण तासाभराचा प्रवास. स्मारकांचा एकत्रित पास मिळतो, तीन दिवस राहणार असाल तर तोच घ्या. रोमन वस्तूंचं संग्रहालय जुन्या गावाबाहेर आहे आणि मंगळवारी बंद असतं. बाजार शनिवारी लीस बुलेव्हारवर, बुधवारी लहान बाजार दुसऱ्या रस्त्यावर. शनिवारचा चुकवू नका.

ईस्टरला आणि सप्टेंबरात भाताच्या हंगामाची अशा दोन मोठ्या जत्रा असतात. त्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत आणि आखाडा पर्यटकांना नीट बघता येत नाही. जुलै-ऑगस्टचं ऊन दगडांवरून अंगावर येतं. मे आणि ऑक्टोबर उत्तम.

आणि वारा! उत्तरेकडून ऱ्होनच्या खोऱ्यातून येतो, नाव मिस्त्राल. सुटला की दिवसचे दिवस थांबत नाही. आकाश मात्र असं लख्ख करून टाकतो की दूरच्या डोंगरावरचं झाडही वेगळं दिसावं. व्हिन्सेंट या वाऱ्यात चित्रफळी जमिनीत खुंट्या ठोकून बांधायचा. सोबत जाकीट असू द्या, मेमध्येसुद्धा.

दगडफूल

मी स्थापत्य अभियंता. आर्लमध्ये मला सर्वांत जास्त वेळ नगरपालिकेच्या इमारतीत लागला, आणि बायको-मुलगी बाहेर ओबेलिस्क या दगडी स्तंभाखाली ताटकळत बसल्या.

तळमजल्याचं दालन बघा. १६७० च्या दशकातलं काम. वर दगडी छत, जवळजवळ सपाट, आणि मधे एकही खांब नाही. प्रत्येक दगड असा कोन धरून घडवलाय की तो शेजाऱ्यावर रेलून उभा आहे. फ्रान्सभर फिरून काम शिकणारे गवंडी-पाथरवट मुद्दाम हे छत बघायला यायचे. मी खाली आडवं पडून सांधे मोजायला लागलो होतो. तिथल्या कर्मचारी बाईंनी काही न बोलता दिवा लावून दिला.

त्याच इमारतीतून खाली रोमन भुयारात जाता येतं. फोरम हा रोमन चौक उतारावर आला, म्हणून सपाटी करायला त्यांनी खाली दुहेरी कमानींचं, तीन बाजूंनी वळणारं जोतं बांधलं. वर चौक राहिला नाही, जोतं आहे तसं आहे. आत गार, ओलसर, पायाखाली पाणी. दोन हजार वर्षं वरचं गाव त्याच्यावर उभं आहे.

वेळ नि गाडी असेल तर बार्बेगालला जाच. गावापासून दहा-बारा किलोमीटर. रोमन लोकांनी टेकडीच्या उतारावर सोळा पाणचक्क्या बांधल्या होत्या, आठ-आठच्या दोन रांगांत. वरून कालव्याचं पाणी यायचं, एक चाक फिरवून तेच खालच्या चाकावर पडायचं. पीठ दळायचा कारखानाच. आता नुसते चौथरे आणि उतार उरलाय, तिकीटही नाही. पण खडकात कोरून काढलेल्या कालव्याच्या वाटेने चालत टोकाला आलं आणि खाली उतार दिसला की सगळी यंत्रणा कळते.

निळीशाई

दगडफूल, बार्बेगाल आमचं राहिलं. ते छतही "छान आहे" म्हणून आम्ही पुढे गेलो होतो. पुन्हा जायला कारण मिळालं.

संग्रहालयातली नाव तुम्ही पाहिलीच असेल. इतरांसाठी लिहिते. ऱ्होनच्या गाळात २००४ मध्ये एकतीस मीटर लांबीची रोमन मालवाहू नाव सापडली, सपाट तळाची. २०११ मध्ये तुकड्या-तुकड्यांत वर काढली आणि २०१३ पासून खास तिच्यासाठी वाढवलेल्या दालनात ठेवलीय. बांधकामाचे दगड घेऊन जाताना बुडाली. दगडांसकट, चुलीसकट, खलाशांच्या भांड्यांसकट. मला सर्वांत भावलं ते एक चांदीचं नाणं. नाव बांधणाऱ्यांनी नाकाजवळच्या सांध्यात ते घालून ठेवलं होतं, शुभ म्हणून. आपल्याकडे घराच्या पायात नाणं टाकतात तसंच. मी त्या काचेसमोर उभी राहून आईला फोन केला, कारण आमच्या घराचा पाया घातला तेव्हा नाणं तिनेच टाकलं होतं.

याच नदीतून २००७ मध्ये संगमरवरी मस्तक निघालं. ते सीझरचं, जिवंतपणी घडवलेलं, असं ते काढणाऱ्यांचं म्हणणं. सगळ्या अभ्यासकांना ते मान्य नाही. गळ्यावरच्या सुरकुत्या, खोल गेलेले गाल. कुणाचं का असेना, खऱ्या माणसाचा चेहरा आहे.

तिठा

धागा उत्तम चाललाय. इतिहासाची आवड म्हणून एक दुवा जोडतो.

आर्लचा आखाडा बांधला गेला तेव्हा आपल्याकडे सातवाहनांचा काळ होता. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, त्यात पोसायडनची ब्राँझची मूर्ती मिळाली. रोमन जगातून आलेली, लहानशी, टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. नेवाशाला रोमन कुंभांचे तुकडे मिळालेत, तेरलाही त्या व्यापाराच्या खुणा आहेत. आर्लच्या संग्रहालयात भिंतीला टेकून उभे केलेले शेकडो कुंभ बघितल्यावर मला नेवाशाची ती खापरं आठवली. निमुळतं बूड, दोन कान, जाड गळा. दारू, तेल, माशांची चटणी यांतूनच फिरायची. भूमध्य समुद्रावरच्या बंदरात भरलेला माल अलेक्झांड्रिया, तांबडा समुद्र करत भडोच-कल्याणला उतरायचा नि घाट चढून वर यायचा. कोल्हापूरकरांनी आर्लला जाण्याआधी टाउन हॉल बघून जावं, म्हणजे तिथल्या वस्तू परक्या वाटणार नाहीत.

खडीसाखर

सप्टेंबरअखेर आई-बाबांना घेऊन जायचा विचार आहे. बाबांचा गुडघा दुखतो, आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. झेपेल का? खरंखरं सांगा.

निळीशाई

झेपेल. गाव लहान असल्याचा फायदा तुम्हालाच जास्त. खोली आखाडा आणि रेपुब्लिक चौक यांच्या मधे घ्या. तळमजल्याची किंवा लिफ्टची खात्री आधी करून घ्या, कारण जुन्या घरांतले जिने अरुंद, गोल आणि उंच पायऱ्यांचे असतात. आमच्या खोलीचा जिना असाच होता, तो आरक्षणात लिहिलेला नव्हता, आणि सासूबाईंना रोज चढउतार जड गेली. रस्त्यांवर गोटे आहेत, तेव्हा बाबांना जाड तळाचे बूट. बुरूज त्यांनी चढू नये, आखाड्याच्या खालच्या ओळीत बसावं. सेंट ट्रोफीम चर्चचं दार तर चौकातूनच दिसतं, समोर पायऱ्यांवर बसून निवांत वाचावं असं: मधे न्यायनिवाड्याला बसलेला ख्रिस्त, एका बाजूला स्वर्गाकडे चाललेली रांग, दुसऱ्या बाजूला साखळीने बांधून आगीकडे नेलेली माणसं. बाराव्या शतकातलं कोरीवकाम. बाबा बसले की उठणार नाहीत.

आईंसाठी. ऑलिव्हची काळी चटणी, तापनाद, दिसायला शाकाहारी, पण तिच्यात बहुतेक वेळा बारीक मासे वाटलेले असतात. विचारल्याशिवाय घेऊ नका. ऑलिव्हचा फुगास पाव चालेल, डुकराच्या तुकड्यांचाही असतो तेव्हा तेही विचारा. टोमॅटो-वांगी-दोडक्यासारख्या भाज्यांची भाजी, तुळशीच्या वाटणाचं भाज्यांचं सूप (चीज घातलेलं असतं), कामार्गचा तांबडा भात. आणि पानीस! हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात शिजवून घट्ट करतात, थापतात, गार झाल्यावर कापून तळतात. मूळ मार्सेकडचं. शनिवारच्या बाजारात सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर पाटवडी तळलीय." विकणाऱ्या आजींना त्यांचं बोलणं कळलं नाही, पण चेहरा कळला. त्यांनी अजून दोन कागदात गुंडाळून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत.

रानवाट

सगळं वाचून जावंसं वाटतंय, पण त्या आखाड्यात अजूनही बैलांना मारतात ना? माझ्याच्याने तिथे बसवणार नाही.

घाटमाथ्यावरून

रानवाट, तुमची हरकत योग्य आहे आणि माझीही तीच आहे. दोन वेगळे प्रकार आहेत. जत्रेतली स्पॅनिश पद्धतीची झुंज, तिच्यात बैलाचा शेवट मरणच. फ्रान्सचा कायदा ती परंपरा असलेल्या गावांपुरती चालवू देतो आणि त्यावर देशात दरवर्षी वाद होतात. दुसरा कामार्गचा अस्सल खेळ. त्यात बैलाच्या शिंगांना दोरा, गोंडा बांधतात आणि पांढऱ्या कपड्यातली पोरं लोखंडी आकडीने ते काढायला धावतात. बैल मरत नाही. खेळ संपला की तो परत कुरणात. नावाजलेल्या बैलाचं नाव जाहिरातीत माणसांच्या वर छापतात, मेल्यावर थडगीसुद्धा बांधतात. आर्लचा या खेळाचा मोठा मानाचा सामना जुलैच्या पहिल्या सोमवारी असतो. मी एकदा बघितला. पोरगा कठड्यावरून उडी मारून पळाला आणि बैल तिथेच थांबून मान वर करून बघत राहिला, तेव्हा लोकांनी टाळ्या बैलासाठी वाजवल्या. पण त्यातही बैलाला त्रास नाही असं मी म्हणणार नाही. जत्रेचे दिवस टाळलेत की रिकामा आखाडा मन शांत ठेवून बघता येईल.

पारिजातक

चित्रकला शिकवते, म्हणून गेले होते. निळीशाईने लिहिलेल्या "जागां"बद्दल थोडं.

त्या धक्क्यावरच्या तारांकित रात्रीत सप्तर्षी आहेत. स्पष्ट, सातही. मी तिथे रात्री उभी राहिले, चित्राची दिशा धरली, आणि समोर नैऋत्य. सप्तर्षी उत्तरेला, माझ्या पाठीमागे! त्याने मागचं आकाश उचलून पुढे ठेवलं. वर्गात मुलांना सांगते, "जसं दिसतं तसं काढ" याच्या पुढे कधी जायचं ते या चित्रात आहे. पण ते समजायला मला त्या धक्क्यावर उभं राहावं लागलं.

दुसरी जागा आलिस्कां. गावाबाहेरची रोमन स्मशानवाट. दोन्ही बाजूंना रिकाम्या दगडी शवपेट्या, वर उंच झाडं. चांगल्या कोरीव पेट्या गावाने पूर्वी येणाऱ्या राजे-सरदारांना भेट देऊन टाकल्या, एका बाजूने रेल्वे गेली, मोठा भाग रेल्वेच्या कारखान्याखाली गेला. उरलेली ही एक वाट. त्याचा चित्रकार मित्र गोगँ २३ ऑक्टोबर १८८८ ला पिवळ्या घरी आला आणि काही दिवसांतच दोघं इथे चित्रं काढायला बसले. व्हिन्सेंटने त्याच्या खोलीत लावायला ऑगस्टातच सूर्यफुलं रंगवून ठेवली होती. पाहुणा येणार म्हणून घर सजवणारा माणूस. नऊ आठवड्यांत सगळं मोडलं. २३ डिसेंबरची, कान कापल्याची रात्र सगळ्यांना माहीत आहे. मला त्यानंतरचं जास्त लागतं. शेजारपाजारच्या तीसेक लोकांनी अर्ज केला की या माणसाला इथे ठेवू नका. आणि त्याच गावात रेल्वे स्टेशनच्या टपालखात्यातला रूलँ त्याला इस्पितळात भेटायला जात राहिला. रे नावाच्या डॉक्टरने औषधपाणी केलं. व्हिन्सेंटने कृतज्ञतेने त्याचं चित्र काढून दिलं, ते घरच्यांना आवडलं नाही, आणि सांगतात की कोंबड्यांच्या खुराड्याचं भोक बुजवायला वापरलं. आज ते मॉस्कोच्या संग्रहालयात आहे.

इस्पितळाचं ते सज्जातलं अंगण बघताना या दोन्ही गोष्टी सोबत न्या, अर्ज आणि रूलँ.

काचबिंब

फोटोवाल्यांसाठी आर्ल म्हणजे पंढरी. १९७० मध्ये इथल्याच लुसियँ क्लेर्गने मित्रांसोबत छायाचित्रांचा महोत्सव सुरू केला, तो अजून दर उन्हाळ्यात जुलैपासून सप्टेंबरपर्यंत चालतो. जुनी चर्च, मठ, गोदामं सगळी प्रदर्शनाची दालनं होतात. विशीही न गाठलेल्या क्लेर्गने आखाड्याबाहेर पिकासोला गाठून आपले फोटो दाखवले होते, त्यातून जन्माची मैत्री झाली. पुढे १९७१ मध्ये पिकासोने गावाच्या रेआतू संग्रहालयाला सत्तावन्न रेखाटनं दिली. ती बघाच, नदीकाठच्या जुन्या मठात आहेत.

आता मतभेद होईल असं एक. गावाच्या दक्षिणेला त्याच जुन्या रेल्वे कारखान्यांच्या जागी २०२१ मध्ये वास्तुविशारद फ्रँक गेरीने आखलेला ल्युमा या कला-केंद्राचा मनोरा उभा राहिला. ५६ मीटर, अंगावर अकरा हजार पोलादी फरशा. अनेकांना तो गावावर लादलेला वाटतो. मलाही दुपारी तसंच वाटलं. संध्याकाळी सातला पुन्हा गेलो. ऊन तिरपं झालं आणि एकेक फरशी वेगळा रंग धरायला लागली: केशरी, जांभळा, शेवटी फिकट निळा. पाऊण तास मी कॅमेरा खाली ठेवून बसलो होतो. रोमन स्मशान, त्यावर रेल्वेचा कारखाना, त्यावर हा मनोरा. या गावाने दर वेळी आधीच्यावरच नवं बांधलंय, आखाड्यातल्या घरांसारखं.

सांजवारा

काचबिंब, फोटो पाहिले मनोऱ्याचे. मला नाही आवडला. रोमन गावाच्या आकाशरेषेत तो खुपतो. आखाड्यातली घरं गरजेपोटी आली होती, लोकांना जीव वाचवायचा होता. हा मनोरा तसा नाही.

काचबिंब

हे मान्य. फरक मोठा आहे. तरी कारखाने १९८४ मध्ये बंद पडल्यावर ती जागा पडीक होती, आता तिथे झाडं आणि तळं आहे, आवारात फुकट जाता येतं. गावातली पोरं सायकली घेऊन येतात. संध्याकाळी एकदा बघा, मग पुन्हा बोलू.

तिठा

जवळच्या सँत-मारी-द-ला-मेरबद्दल कुणी लिहिलं नाही. आर्लहून चाळीसेक किलोमीटर, समुद्राकाठी. दर २४ मे ला युरोपभरचे रोमा (जिप्सी) लोक तिथे जमतात. चर्चच्या तळघरात त्यांची संत सारा आहे, काळ्या चेहऱ्याची, अंगावर एकावर एक चढवलेले झगे. तिला सारा-ला-काली म्हणतात. खांद्यावरून मिरवत समुद्रात नेतात, दोन्ही बाजूंना पांढऱ्या घोड्यांवरचे गुराखी, आणि पाण्याला लावून परत आणतात. रोमानी भाषेत काली म्हणजे काळीच. पाण्याला पानी, कानाला कान, नाकाला नाख. हजार वर्षांपूर्वी भारतातून निघालेली माणसं हे शब्द सांभाळून आहेत. मी तिथे गर्दीत उभा होतो आणि शेजारच्या आजोबांनी नातवाला पाणी देताना "पानी" म्हटलेलं कानावर आलं. मागे वळून बघितल्याशिवाय राहवलं नाही.

घाटमाथ्यावरून

भाषेचा विषय निघाला म्हणून. पिवळ्या कॅफेच्या फोरम चौकात एक पुतळा आहे, टोपी घातलेला, हातावर ओव्हरकोट. लोक त्याच्याकडे पाठ करून कॅफेचा फोटो काढतात. तो फ्रेदेरिक मिस्त्राल, वाऱ्याचंच नाव. प्रोव्हाँसाल या इथल्या प्रादेशिक भाषेत लिहिणारा कवी. शाळांतून ही भाषा बोलायला बंदी होत असताना त्याने तिच्यात आयुष्यभर लिहिलं, तिचा प्रचंड शब्दकोश केला, आणि १९०४ मध्ये नोबेल मिळालं. त्या पैशांतून त्याने आर्लमधलं आपलं लोकजीवनाचं संग्रहालय मोठ्या वास्तूत हलवलं. पाळणे, नांगर, बायकांच्या टोप्या, भाकरीचे साचे, सगळं जमवलेलं. बरीच वर्षं दुरुस्तीसाठी बंद होतं, २०२१ मध्ये उघडलं. आजही दर तीन वर्षांनी "आर्लची राणी" निवडतात. तिला जुना पोशाख स्वतः नेसता यावा लागतो आणि प्रोव्हाँसाल बोलता यावी लागते. रोजच्या व्यवहारात ही भाषा आता फार थोड्यांच्या तोंडी उरलीय. आपल्याला मराठी पाटी बघायची, मराठी ऐकायची सवय आहे म्हणून हे कळत नाही. त्या संग्रहालयात एका खोलीत जुन्या बोलण्याच्या फिती ऐकायला मिळतात. दहा मिनिटं काढा.

खडीसाखर

तिकिटं काढली! २६ सप्टेंबरपासून तीन रात्री. बाबांनी सगळा धागा वाचून काढला, आता त्यांना ते नगरपालिकेचं छत बघायचंय. आईला पाटवडी. मला धक्क्यावर बसायचंय. एकच शेवटचं: संध्याकाळचं नाट्यगृह की नदी, पहिल्या दिवशी काय करू?

निळीशाई

पहिल्या दिवशी नाट्यगृह. बंद व्हायच्या आधी तासभर जा, मधल्या ओळीत उजवीकडे बसा. ऊन त्या दोन खांबांवरून हळूहळू वर सरकतं, आधी खालचा दगड करडा होतो, शेवटी फक्त माथ्यावर पिवळं उरतं. बाबांसाठी एक छोटी उशी घेऊन जा, दगड गार पडतो. नदी रात्री जेवल्यावर. आणि खोलीचं ठिकाण मला व्यक्तिगत निरोपात कळवा, तिथून पानीसवाल्या आजींची जागा सांगते.